शेवंतीच्या शेडमधला टायमर आत्ताच तपासून घ्या

दिवाळीच्या आगेमागे पॉलिहाऊसमध्ये शेवंती लावली असेल, तर पुढचे चार आठवडे खता-फवारणीइतकंच लक्ष दिव्यांच्या पेटीकडे द्या. शेवंतीला रात्रीची लांबी कळते. दिवस साधारण १३ ते १३.५ तासांच्या आत आला की ती वाढ सोडून कळीला लागते. जातीप्रमाणे थोडं मागेपुढे. पुण्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांचाच, आणि डिसेंबरात तो ११ तासांवर येतो. म्हणून दांडी उंच होईपर्यंत दिवे लावून रात्र मधोमध तोडावी लागते. रात्री १० ते २ ही नेहमीची वेळ, आणि शेंड्यावर १०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड पुरतो.

उजेड कमी पडून झालेलं नुकसान मी थोडं पाहिलंय, टायमर चुकून झालेलं फार. आमच्याच शेडमध्ये पहिल्या वर्षी खुंट्यांच्या चकतीचा साधा टायमर होता, आत बॅटरी नव्हती. रोज संध्याकाळी दोन तास लाईट जायची आणि तेवढा वेळ चकती जागच्या जागी थांबायची. चौथ्या दिवशी दिवे रात्री १० ऐवजी पहाटे ६ ला लागले. सकाळी जळताना दिसले म्हणून कामावरच्या माणसाने बटण बंद केलं, त्याला वाटलं कुणी विसरलं असेल. खरं कारण कळेपर्यंत आठ दिवस गेले होते. पुढच्या पंधरवड्यात वीतभर रोपांच्या शेंड्यात मोहरीएवढ्या कळ्या दिसायला लागल्या. कळी धरलेली दांडी मग फारशी वाढत नाही, आणि आखूड दांडीच्या जुडीला बाजारात कोण विचारतो?

तेव्हा बॅटरी बॅकअप असलेला डिजिटल टायमरच घ्या. बसवल्यावर त्याचं घड्याळ मोबाईलशी जुळवा, एएम-पीएम नीट बघा. आत गेल्या हंगामाचा जुना प्रोग्राम शिल्लक असतो, तो पुसा. सातही वार निवडलेत का तेही पाहा, कारण रविवार सुटलेला मी दोन ठिकाणी पाहिलाय.

दिव्यांचा सगळा भार टायमरवर टाकू नका. एलईडी लागण्याच्या क्षणी एकदम मोठा करंट ओढतात, त्याने टायमरच्या आतला छोटा रिले (दिवे चालू-बंद करणारा स्विच) चिकटतो आणि दिवे दिवसभर जळत राहतात. मोटारीच्या स्टार्टरमध्ये ‘खट्’ करून ओढला जातो तो कॉन्टॅक्टर तुमच्या ओळखीचा आहे, तसाच एक इथे बसवा. टायमरने फक्त त्याची कॉईल चालवायची. शेडमधल्या लागवडीच्या प्रत्येक पट्ट्याला वेगळा कॉन्टॅक्टर आणि वेगळी एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) ठेवली, तर एक पट्टा थांबवून दुसरा चालू ठेवता येतो. पेटीवर ऑटो-बंद-मॅन्युअल असा स्विच असेल, तर काम उरकून निघताना तो ऑटोवर आहे ना, हे रोज बघायचं.

आता लाईट जाण्याचं. ९ वॅटचे १०० बल्ब म्हणजे ९०० वॅट, चार तासांना ३.६ युनिट. एवढं इन्व्हर्टरवर काढायचं तर बॅटऱ्यांचा खर्च वाढतो. सायक्लिक टायमर जोडून १० मिनिटं चालू, २० मिनिटं बंद असं चालवलं, तर चार तासांत दिवे ८० मिनिटंच जळतात, १.२ युनिट लागतात. दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्ट इन्व्हर्टरवर ते निघतं. मात्र माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी दिवे सलग चार तासच लावा. सायकल चुकली तर ती कुणाच्या लक्षात येत नाही.

शेडमध्ये फॉगरचा ओलावा आणि सगळीकडे लोखंडी पाइप, त्यामुळे शॉक जिवावर बेततो. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच, तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. सांगाड्याला चांगलं अर्थिंग द्या. पेटी पाणी न शिरणारी घ्या आणि वायरी तिच्यात खालूनच आत न्या. थ्री फेज असेल तर न्यूट्रलचा स्क्रू दर हंगामात आवळून घ्या. तो सैल झाला की एका फेजचे दिवे मंद होतात, दुसऱ्याचे लख्ख होऊन उडतात. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि फवारणीआधी मेन बंद करा.

दांडी हव्या त्या उंचीला आली की त्या पट्ट्याचे दिवे पूर्ण थांबवा आणि ती तारीख पेटीच्या दारावर मार्करने लिहा. शेजारच्या पट्ट्याचा उजेड तिथे पडला तर कळी रेंगाळते. मध्ये काळा पडदा जमिनीपर्यंत सोडा, आणि पहिल्या रात्री साडेदहाला आत जाऊन पडद्याखालून उजेड येतोय का ते वाकून बघा.