स्वस्त फोन की महागडा मोठा फोन? दुकानाची पायरी चढण्याआधी कसं ठरवायचं

गेल्या दसऱ्याला घरात दोन फोन घ्यायचे होते. एक आईला, एक कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याला. घरच्या बैठकीत ठरलंही होतं: आईला १२ हजारांचा, पुतण्याला २६ हजारांचा. "आईला काय, व्हॉट्सॲप आणि व्हिडिओ कॉल. तिला कशाला महाग?" हे वाक्य आमच्याकडे जसं सहज उच्चारलं गेलं, तसंच ते बहुतेक घरांत उच्चारलं जातं. मला ते पटत नव्हतं. पंधरा दिवस नीट बघून, मोजून, दोघांच्या हातात फोन देऊन आम्ही शेवटी उलटं केलं आणि आजही तेच बरोबर वाटतं. हे कसं ठरवलं, ते पायरीपायरीनं सांगतो.

पायरी १ : फोन कोणाचा, ते आधी लिहून काढा

ज्याला फोन हवा आहे त्याच्या सध्याच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडा. कुठल्या ॲपवर रोज किती वेळ जातो, ते तिथे दिसतं. आपण जे करतो असं आपल्याला वाटतं आणि प्रत्यक्षात करतो, यात बराच फरक निघतो. पुतण्या "मला गेमिंगला लागतो" म्हणत होता. आठवड्याच्या हिशेबात गेम जेमतेम अर्धा तास निघाला. बाकी सगळी गाणी, मेसेज आणि बसमधले व्हिडिओ. आईचा मात्र वाचनाचा वेळ रोज दोन तासांच्या पुढे होता: वर्तमानपत्र, बहिणींच्या ग्रुपवरचे लांबलचक मेसेज, पीडीएफमध्ये आलेली निमंत्रणं.

कागदावर तीनच गोष्टी लिहा. सर्वांत जास्त वेळ कशात जातो, फोन बहुतेक वेळा कुठे वापरला जातो (घरात, उन्हात, गर्दीत) आणि आत्ताच्या फोनचा कोणता त्रास रोज होतो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर हा कागद जवळ ठेवा.

पायरी २ : 'मोठा' आणि 'चांगला' वेगळे करा

दुकानात या दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात. पण आज १० ते १३ हजारांच्या फोनलाही ६.७ इंचांचा पडदा सहज असतो. म्हणजे निव्वळ मोठेपणासाठी जास्त पैसे मोजायची गरजच राहिलेली नाही. जास्तीचे पैसे कशाचे, हे प्रत्येक वेळी विचारा.

याचं स्वच्छ उदाहरण म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये आलेले आयफोन १६ आणि १६ प्लस. चिप तीच, कॅमेरे तेच. पडदा ६.१ ऐवजी ६.७ इंच, बॅटरी मोठी, वजन १७० ग्रॅमऐवजी १९९ ग्रॅम. भारतातली सुरुवातीची किंमत ७९,९०० आणि ८९,९०० रुपये. म्हणजे ते वरचे १० हजार केवळ आकाराचे आणि बॅटरीचे होते. याउलट १२ हजार आणि २६ हजारांच्या दोन अँड्रॉइड फोनांमध्ये आकार जवळपास सारखा आणि बाकी बहुतेक सगळं वेगळं असू शकतं. तुमच्यासमोरची जोडी यातली कुठली, हे कळलं की निम्मं काम झालं.

आकाराबद्दल आणखी एक. इंच हे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. जुने ५.५ इंची फोन १६:९ प्रमाणाचे, म्हणजे रुंद होते. त्यांचा पडदा साधारण ६.८ सेंटिमीटर रुंद भरायचा. आजचा २०:९ प्रमाणाचा ६.१ इंची पडदा जेमतेम ६.४ सेंटिमीटर रुंद असतो. त्यामुळे "माझा जुना साडेपाच इंची होता, सहाच्या पुढचा हातात मावणार नाही" असं आकड्यावरून ठरवू नका. हातात धरूनच ठरवा.

दुकान लांब असेल तर घरीच पुठ्ठा कापा. ६.७ इंची फोनसाठी १६.५ बाय ७.६ सेंटिमीटर, ६.१ इंचीसाठी १४.८ बाय ७.२. पुठ्ठा एका हातात धरून अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतो का बघा. शर्टाच्या खिशात टाकून खाली वाका. पुण्यात पीएमपीच्या बसमध्ये एका हातानं दांडी धरून उभा राहणारा आमचा पुतण्या या परीक्षेत मोठ्या फोनला स्वतःहूनच नको म्हणाला. पर्समध्ये फोन ठेवणाऱ्या आणि बसल्या जागी दोन हातांनी वापरणाऱ्या आईला मोठ्या आकाराची काहीच अडचण नव्हती.

पायरी ३ : पडदा डोळ्यांनी तपासा, तोही मराठी मजकुरावर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी तरी दिला.

स्वस्त मोठ्या फोनांत बऱ्याचदा पडदा एचडी प्लस असतो: ७२० बाय १६०० ठिपके. ६.७ इंचांवर हे पसरले की दर इंचाला सुमारे २६० ठिपके पडतात. फुल एचडी प्लस, म्हणजे १०८० बाय २४०० असेल, तर त्याच आकारावर सुमारे ३९० पडतात. व्हिडिओ बघताना हा फरक पटकन जाणवत नाही. बारीक देवनागरी वाचताना जाणवतो. आपल्या लिपीत रेघेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, त्यात जोडाक्षरं. 'द्ध', 'द्व' आणि 'द्य' यांतला फरक एवढ्याशा जागेत दाखवायचा तर ठिपके लागतातच. चाळिशी लागलेल्या माणसाला हा फरक दिवसभर सोसावा लागतो. एकोणीस वर्षांच्या मुलाचे डोळे धूसर अक्षरही ओळखून घेतात, साठीतल्या आईचे डोळे थकतात. म्हणून मी म्हणतो की घरातला चांगला पडदा आधी आई-वडिलांकडे जायला हवा.

चाचणी सोपी आहे. दुकानातल्या डेमो फोनवर कुठलंही मराठी वर्तमानपत्राचं पान उघडा आणि अक्षर मोठं न करता एक परिच्छेद वाचा. मग सेटिंग्जमध्ये अक्षराचा आकार सर्वांत मोठा करा आणि ज्याला फोन घ्यायचा त्याच्या हातात द्या. मोठ्या अक्षरातही ओळीत पुरेसे शब्द मावावेत, यासाठी पडद्याचा आकार उपयोगी पडतो. मोठा फोन घेण्याचं माझ्या मते सर्वांत सबळ कारण हेच.

दुसरी चाचणी उन्हाची. दुकानाच्या दिव्यांखाली सगळेच पडदे उजळ दिसतात. दुकानदाराला विनंती करून फोन दारापर्यंत, उन्हात न्या. आमच्या बाबांची तासगावला द्राक्षबाग आहे. पानावर दावण्या (द्राक्षावरचा रोग) दिसला की फोटो काढून कृषी सेवा केंद्राला पाठवायचा, ही त्यांची रोजची गरज. त्यांचा आधीचा स्वस्त एलसीडी (मागच्या दिव्यानं उजळणाऱ्या पडद्याचा) फोन दुपारी बागेत आरशासारखा चमकायचा आणि फोटो नीट आला की नाही, हे बघायला ते शेडपर्यंत चालत यायचे. चांगला अमोलेड पडदा, ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, उन्हात बराच जास्त उजळतो. खोक्यावर उजेड 'निट' या एककात लिहिलेला असतो, पण तो आकडा बहुधा पडद्याच्या लहानशा भागापुरता असतो. दारातली परीक्षा जास्त खरी.

पायरी ४ : आतलं सामान वाचा

इथे बाबांच्याच फोननं मला धडा दिला. ४ जीबी रॅम (चालू ॲप्ससाठीची तात्पुरती जागा), ६४ जीबी साठवणीची जागा. एका दुकानात "काकांना भरपूर होईल" म्हणून घेतला. वर्षभरात 'सुप्रभात'चे फोटो आणि लग्नांचे व्हिडिओ यांनी जागा भरली आणि फोन उघडायला मिनिट लागू लागलं. बाबांना वाटायचं आपल्यालाच तो चालवता येत नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्यांची चूक काहीच नव्हती.

म्हणून किमान मर्यादा आखून घ्या. माझ्या मते १२८ जीबी जागा आणि ६ जीबी खरी रॅम. 'खरी' म्हणायचं कारण, खोक्यावर "१२ जीबीपर्यंत" असं लिहिलेलं असतं आणि त्यातला मोठा हिस्सा 'व्हर्च्युअल रॅम', म्हणजे साठवणीच्या जागेतून उसना घेतलेला असतो. तो खऱ्या रॅमइतका वेगवान नसतो.

जागेचा प्रकारही विचारा. अगदी स्वस्त फोनांत ईएमएमसी असते, त्यावरच्या फोनांत यूएफएस. गोदामाला एकच अरुंद दार असावं आणि आत जाणाऱ्यानं बाहेर येणाऱ्यासाठी थांबावं, तशी ईएमएमसी एका वेळी वाचते किंवा लिहिते. यूएफएस दोन्ही एकदम करते. दोन वर्षांनी फोन कुथायला लागतो त्यात या अरुंद दाराचा वाटा मोठा असतो.

मग अपडेट. गॅलेक्सी एस२४ आणि पिक्सेल ८ पासून सॅमसंग आणि गुगलनं आपल्या वरच्या फोनांना सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं. सॅमसंगच्या ए१६ ५जी सारख्या बेताच्या किमतीच्या फोनलाही सहा वर्षांचं आश्वासन आहे. म्हणजे स्वस्त फोनला अपडेट नसतातच असं नाही, नाव घेऊन तपासावं लागतं. यूपीआयवरून पैसे देणाऱ्या माणसासाठी सुरक्षा अपडेट ही चैन नाही. आणि ही वर्षं मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षं जुनं मॉडेल सेलमध्ये घेताना तेवढी वजा करा.

पायरी ५ : कॅमेरा आणि ५जी

५० मेगापिक्सेल आता स्वस्त फोनवरही लिहिलेलं असतं. असा कॅमेरा साधारणतः चार-चार ठिपके जोडून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. फरक पडतो तो सेन्सरच्या, म्हणजे उजेड टिपणाऱ्या भागाच्या आकारानं आणि हात हलला तरी भिंग स्थिर ठेवणाऱ्या ओआयएसनं. सोबत दिलेल्या २ मेगापिक्सेलच्या जादा कॅमेऱ्यांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. दुकानात कोपऱ्यातल्या अंधारात एक फोटो काढा आणि हातावरच्या रेषांचा जवळून एक काढा. बस झालं.

५जीमध्ये एक अडचण मात्र लक्षात ठेवा. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. जिओनं 'स्टँडअलोन' (पूर्ण स्वतंत्र ५जी) पद्धत घेतली, एअरटेलनं सुरुवात 'नॉन-स्टँडअलोन'नं (४जीच्या आधारानं चालणारं ५जी) केली. अगदी स्वस्त ५जी फोनांपैकी काही फक्त स्टँडअलोन चालवतात. तसा फोन घेतला आणि सिम दुसऱ्या पद्धतीच्या नेटवर्कचं असेल, तर पैसे ५जीचे देऊन वापर ४जीचा होतो. दुकानात स्वतःचं सिम घालून बघण्याचा आग्रह धरा.

पायरी ६ : वर्षाचा हिशेब मांडा

किंमत बघून घाबरण्याआधी भागाकार करा. १२ हजारांचा फोन अडीच वर्षं चालला तर वर्षाला ४,८०० रुपये. २६ हजारांचा पाच वर्षं चालला आणि मध्ये बॅटरी बदलायला २ हजार गेले, तर २८ हजार भागिले पाच, म्हणजे वर्षाला ५,६०० रुपये. फरक वर्षाला ८०० रुपयांचा, महिन्याला ७० पेक्षाही कमी. स्वस्त फोन अजूनही स्वस्तच आहे, पण दुकानात १४ हजारांची वाटणारी दरी आता दिसत नाही.

हा हिशेब दोन ठिकाणी मोडतो. फोन वारंवार हातातून पडत असेल तर अमोलेड पडदा बदलण्याचा खर्च एलसीडीपेक्षा बराच जास्त येतो. खरेदीआधी अधिकृत सेवा केंद्राला फोन करून त्या मॉडेलच्या पडद्याची किंमत विचारून ठेवा. आणि दर दोन वर्षांनी नवा फोन घेण्याची सवय असेल तर पाच वर्षांच्या हिशेबाला अर्थ नाही, सरळ स्वस्त घ्या.

महागडा फोन हप्त्यांवर घेणार असाल तर 'नो कॉस्ट ईएमआय'चा कागद नीट वाचा. व्याजाइतकी सूट किमतीत आधी दिली जाते, पण बँक व्याज लावते आणि क्रेडिट कार्डावर त्या व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो. वर बऱ्याचदा प्रक्रिया शुल्क. हप्त्यासाठी घरखर्चाला हात लावावा लागत असेल, तर १५ हजारांच्या आसपास फुल एचडी प्लस पडदा आणि १२८ जीबीचा फोन शोधा. आमच्या पुतण्याला शेवटी तसाच, त्याच्या हाताला बसणारा फोन घेतला. २६ हजारांचा आईकडे गेला.

पायरी ७ : पैसे देण्याआधी आणि नंतर

खोकं तुमच्यासमोर उघडायला सांगा. फोनवर *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवा. *#०७# दाबल्यावर एसएआर, म्हणजे शरीरात शोषल्या जाणाऱ्या रेडिओ लहरींचं प्रमाण दिसतं. भारतात त्याची मर्यादा किलोला १.६ वॅट आहे. जुना, वापरलेला फोन घेत असाल तर केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून आयएमईआय, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर उत्तरात कळतं. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. मोबाइलवरचा १८ टक्के कर किमतीत धरलेला असतो, "बिलाशिवाय कमी करतो" याला भुलू नका. बिलाशिवाय वॉरंटीसाठी भांडता येत नाही.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात फोन रोजच्यासारखा वापरा. आईच्या फोनवर आम्ही पहिल्याच संध्याकाळी अक्षर मोठं केलं, नको ती ॲप्स काढली आणि व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं. मग तिनं मावशीनं पाठवलेली लग्नपत्रिका उघडली आणि चष्मा शोधायला न उठता, कुळाच्या नावापासून मुहूर्ताच्या मिनिटापर्यंत सगळी मोठ्यानं वाचून दाखवली.