व्हिएन्ना कसे पाहावे : वाटाघाटींच्या शहरासाठी दोन दिवसांचा मार्ग

मराठी वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला व्हिएन्नाचे नाव बहुधा संगीतापेक्षा ‘व्हिएन्ना करार’ या शब्दांतूनच अधिक परिचयाचे असते. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी निकाल दिला आणि अटकेतील परदेशी नागरिकाला त्याच्या देशाच्या वाणिज्य दूताशी संपर्क साधू देण्याचे बंधन पाकिस्तानने मोडले, असे ठरवले. तो निर्णय १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमावर उभा होता. दूतावासाच्या आवारात यजमान देशाच्या पोलिसांनी परवानगीवाचून शिरू नये, परक्या देशाच्या राजदूताला अटक करू नये आणि तो नकोसा झाल्यास त्याला परत पाठवावे, हे नियम १९६१ च्या करारातले. तर देशादेशांमधील करार कसे करावेत आणि कसे मोडावेत यासंबंधीचे नियम १९६९ च्या करारातले. हे तिन्ही करार याच शहरात झाले.

तेव्हा ऑस्ट्रियाची ही राजधानी पाहण्यासाठी दोन दिवस हाती असतील, तर प्रेक्षणीय स्थळांची यादी बाजूला ठेवावी आणि प्रत्येक वास्तूसमोर एकच प्रश्न विचारावा : येथे वाटाघाटी झाल्या तेव्हा यजमान बलवान होता की दुर्बल? साम्राज्य असताना या शहराने इतरांचे नकाशे आखले आणि साम्राज्य गेल्यावर इतरांना बोलणी करायला जागा दिली. माझ्या मते त्याचे हे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. परंतु ते समजण्यासाठी सुरुवात पहिल्यापासूनच करावी लागते.

पहिल्या दिवशी सकाळी बालहाउसप्लाट्झ या छोट्या चौकात जावे. चौकाच्या एका बाजूला ऑस्ट्रियाच्या चान्सलरचे, म्हणजे सरकारप्रमुखाचे, कार्यालय आहे आणि समोर, होफबुर्ग या जुन्या राजवाड्याच्या एका भागात, राष्ट्राध्यक्षांचे. चान्सलरच्या याच इमारतीतून परराष्ट्रमंत्री मेटर्निखने ऑस्ट्रियन साम्राज्याचे परराष्ट्र धोरण चालवले आणि नेपोलियनचा पाडाव झाल्यावर भरलेल्या व्हिएन्ना परिषदेच्या मुख्य बैठकाही येथेच झाल्या. सप्टेंबर १८१४ पासून युरोपातील राजे, मंत्री आणि त्यांचे लवाजमे शहरात जमू लागले. रशियाचा झार आणि प्रशियाचा राजा तर होफबुर्गमध्येच पाहुणे म्हणून उतरले होते. मेजवान्या आणि नृत्यसमारंभ इतके झाले की, परिषद नाचते आहे पण पुढे सरकत नाही, असा टोला प्रिन्स द लिन्य या वृद्ध सरदाराने लगावला. प्रत्यक्षात मोजक्या बड्या सत्तांच्या बंद खोलीतील बैठकांत काम चालूच होते. पराभूत फ्रान्सचा प्रतिनिधी तालेरां याने पोलंड आणि सॅक्सनीवरून विजेत्यांमध्ये पडलेल्या फुटीचा फायदा घेऊन आपल्या देशाला त्या बड्यांच्या पंगतीत जागा मिळवली. अंतिम करारावर ९ जून १८१५ रोजी, म्हणजे वॉटर्लूच्या लढाईच्या नऊ दिवस आधी, सह्या झाल्या.

या परिषदेचे नकाशे पुढे पुसले गेले, पण १९ मार्च १८१५ चा एक छोटा नियम टिकला, आणि त्यासाठी या चौकात थोडे थांबावे. त्यापूर्वी कोणत्या राजाचा दूत आधी आणि कोणाचा मागून, यावरून लग्नमंडपातल्या मानपानालाही लाजवतील अशी भांडणे होत. १६६१ मध्ये लंडनच्या रस्त्यावर, पुढे गाडी कोणाची यावरून स्पॅनिश आणि फ्रेंच राजदूतांच्या माणसांत मारामारी होऊन माणसे मेली होती. व्हिएन्नात ठरले की दूतांच्या श्रेणी निश्चित असाव्यात आणि एकाच श्रेणीतील दूतांचा क्रम त्यांच्या राजाच्या वैभवावर नव्हे, तर त्यांच्या आगमनाची अधिकृत नोंद कधी झाली त्यावर ठरावा. १९६१ च्या कराराच्या १६ व्या कलमात हेच तत्त्व पुन्हा आले आणि म्हणूनच आज कोणत्याही राजधानीत लहान देशाचा जुना राजदूत महासत्तेच्या नव्या राजदूताच्या पुढे उभा राहतो.

त्याच चौकाची काळी बाजूही पाहावी. जुलै १९१४ मध्ये सर्बियाला दिलेला, पहिल्या महायुद्धाकडे नेणारा निर्वाणीचा खलिता येथील परराष्ट्र मंत्रालयात तयार झाला. २५ जुलै १९३४ रोजी नाझींनी चान्सलर डोलफुस यांचा याच इमारतीत खून केला. चौकातच २०१४ पासून, नाझी लष्करी न्यायव्यवस्थेचे बळी ठरलेल्यांचे आणि हिटलरच्या सैन्यातून पळालेल्यांचे एक्स अक्षराच्या आकाराचे स्मारक आहे. तेथून हेल्डेनप्लाट्झ हे विस्तीर्ण मैदान लागूनच आहे. समोरच्या नव्या राजवाड्याच्या सज्जातून हिटलरने १५ मार्च १९३८ रोजी प्रचंड जनसमुदायापुढे ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्याची घोषणा केली. आपण हिटलरचे पहिले बळी आहोत, ही भूमिका या देशाने युद्धानंतर दीर्घकाळ घेतली आणि सहभागाच्या जबाबदारीची कबुली चान्सलर फ्रानित्स्की यांनी संसदेत दिली ती १९९१ मध्ये. येथून काही मिनिटांच्या अंतरावर असलेल्या युडेनप्लाट्झवरील, मारल्या गेलेल्या सुमारे ६५,००० ऑस्ट्रियन ज्यूंचे स्मारक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ते वगळले की शहर फक्त देखणे उरते.

दुपारी पुन्हा होफबुर्गकडे वळून योसेफ्सप्लाट्झच्या बाजूला असलेली रेडूटेनझाल ही दालने शोधावीत. परिषद चालू असताना २९ नोव्हेंबर १८१४ रोजी बेटहोवेनने येथे जमलेल्या राजेरजवाड्यांसमोर आपली सातवी सिंफनी सादर केली होती आणि १८ जून १९७९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर आणि सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनी अण्वस्त्रवाहक साधनांवर मर्यादा घालणाऱ्या दुसऱ्या सॉल्ट करारावर सह्या केल्या त्याही येथेच. दालने प्रवाशांसाठी नेहमी उघडी नसतात. बाहेरून पाहून पुढे जावे. याच राजवाड्याच्या नव्या भागात १९६१ ची दूतविषयक परिषद भरली होती, आणि युरोपातील सुरक्षा आणि सहकार्य संघटनेचे ५७ देशांचे प्रतिनिधी आजही होफबुर्गमध्येच बैठकी घेतात.

रिंगस्ट्रासेवर चालत बसण्याची गरज नाही. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफने तटबंदी पाडण्याचा हुकूम दिला आणि तिच्या जागी हा रुंद रस्ता झाला. ग्रीक धाटणीची संसद, गॉथिक धाटणीचे नगरगृह, नाट्यगृह आणि संग्रहालये १ आणि २ क्रमांकाच्या ट्रॅममधून चांगली दिसतात. उतरावे ते ऑपेरापाशी. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालेली ही इमारत ५ नोव्हेंबर १९५५ रोजी पुन्हा उघडली, आणि त्या रात्री निवडलेली कलाकृती होती ‘फिडेलिओ’, म्हणजे तुरुंगातून सुटकेची कथा सांगणारा बेटहोवेनचा एकमेव ऑपेरा. त्या निवडीमागचा अर्थ दुसऱ्या दिवशी उलगडतो. सायंकाळी शक्य झाल्यास येथील उभे राहून पाहण्याचे स्वस्त तिकीट काढावे.

दुसरा दिवस श्वार्त्झेनबेर्गप्लाट्झपासून सुरू करावा. चौकाच्या टोकाला १९४५ मध्ये उभारलेले सोव्हिएत सैन्याचे भव्य स्मारक आहे. युद्धानंतर दहा वर्षे ऑस्ट्रिया अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या ताब्यात होता. व्हिएन्नाचीही चौघांत वाटणी झाली होती आणि मधला जुना भाग चौघे मिळून सांभाळत. या चौकाला त्या काळात स्टालिनचे नाव होते. नाव गेले, पण स्मारक राहिले, कारण ते जपण्याचे बंधन ऑस्ट्रियाने करारातच स्वीकारले आहे. ऑस्ट्रियाला स्वातंत्र्य परत देणारा तो करार जेथे झाला ती जागा पाहण्यासाठी डी क्रमांकाच्या ट्रॅमने बेल्व्हेडेरला जावे. वरच्या राजवाड्यातील संगमरवरी दालनात १५ मे १९५५ रोजी चार सत्तांच्या आणि ऑस्ट्रियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यावर सह्या केल्या आणि ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री लेओपोल्ड फिग्ल यांनी सज्जात येऊन तो जमलेल्या लोकांना दाखवला. बहुतेक प्रवासी या राजवाड्यात क्लिम्टचे ‘चुंबन’ पाहायला येतात आणि दालनातून तसेच पुढे निघून जातात. आपण तसे करू नये.

या कराराच्या आधीच्या घडामोडींत भारताचाही थोडा भाग आहे. १९५३ मध्ये ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री कार्ल ग्रूबर यांनी पंडित नेहरूंना भेटून, तटस्थ ऑस्ट्रियाच्या कल्पनेविषयी मॉस्कोचा अंदाज घ्यावा, अशी विनंती केली आणि भारताच्या मॉस्कोतील राजदूतांनी तो विषय काढला. लगेच फळ आले नाही. स्टालिननंतरच्या नेतृत्वाचे धोरण बदलल्यावर १९५५ मध्ये ते आले. परकी सैन्ये गेल्यावर २६ ऑक्टोबर १९५५ रोजी संसदेने कायम तटस्थतेचा कायदा केला आणि तोच आज राष्ट्रीय दिन आहे.

तटस्थता कागदावर ठेवून भागत नाही, हे या देशाने लवकर ओळखले. १९५७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था येथे आली, १९६५ मध्ये जिनिव्हाहून ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेचे मुख्यालय आले आणि १९६१ च्या जूनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह येथेच भेटले. त्याचे सर्वांत मोठे रूप पाहण्यासाठी यू-१ या भुयारी रेल्वेने डॅन्यूब ओलांडून काइझरम्यूलेन स्थानकावर उतरावे. १९७९ मध्ये उघडलेल्या तेथील वक्राकार मनोऱ्यांत संयुक्त राष्ट्रांची कार्यालये आहेत आणि त्यांचे ठरलेले भाडे होते वर्षाला एक शिलिंग, म्हणजे ऑस्ट्रियाच्या तेव्हाच्या चलनाचे एकच नाणे. आपल्या भूमीवर इतक्या देशांची माणसे काम करत असतील तर तिच्यावर हल्ला करणे कोणालाही अवघड जाईल, हा चान्सलर क्रायस्की यांचा हिशेब होता. सर्वांना तो पटला नव्हता. शेजारच्या परिषद केंद्राच्या खर्चाविरुद्ध १९८२ मध्ये १३ लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या आणि तरीही ते बांधले गेले. भारतीय वाचकासाठी येथील महत्त्वाचे वर्ष २००८ आहे : भारताच्या नागरी अणुभट्ट्यांच्या तपासणीचा करार अणुऊर्जा संस्थेच्या नियामक मंडळाने १ ऑगस्ट रोजी मंजूर केला आणि अणुपुरवठादार देशांच्या गटाने ६ सप्टेंबर रोजी व्हिएन्नातच भारताला अणुव्यापारासाठी सवलत दिली. इमारत मार्गदर्शकासह पाहता येते, मात्र पासपोर्ट बरोबर असावा लागतो.

दोन दिवसांऐवजी एकच दिवस असेल, तर शोनब्रुनचा राजवाडा निःसंकोच वगळावा. केनेडी आणि ख्रुश्चेव्ह यांची मेजवानी तेथे झाली असली, तरी खरी बोलणी इतरत्र झाली. रिंगस्ट्रासेही रात्री ट्रॅममधून उरकता येते. बालहाउसप्लाट्झ, हेल्डेनप्लाट्झ आणि बेल्व्हेडेरचे दालन मात्र याच क्रमाने पाहावे आणि संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीची फेरी आदल्या दिवशीच वेळ विचारून ठरवावी.