बदलत्या पावसात गावच्या पाण्याचा हिशेब कसा ठेवावा

वार्षिक सरासरी पावसाच्या एका आकड्यावर पाण्याचे नियोजन करणे आता धोक्याचे ठरते. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग काळ्या पाषाणाचा असून त्यात पाणी फारसे साठत नाही. त्यामुळे महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळला, तर नदीला पूर येतो, जमिनीत मात्र थोडेच मुरते, आणि दिवाळीनंतर ओढा ज्या पाझरावर वाहतो तो लवकर संपतो.

म्हणून गावाने स्वतःची नोंदवही ठेवावी. पर्जन्यमापक झाडे आणि भिंतींपासून दूर, मोकळ्या जागी बसवून रोज सकाळी साडेआठला पाऊस लिहावा. महिन्याच्या बेरजेपेक्षा तीन बाबींकडे अधिक लक्ष द्यावे: २.५ मिमी किंवा त्याहून अधिक पावसाचे दिवस किती, ६५ मिमी ओलांडणारे दिवस किती, आणि सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा.

यानंतरचे काम ओढ्याचा प्रवाह मोजण्याचे. माझ्या मते हीच नोंद सर्वांत मोलाची असते, आणि बहुतेक गावांत नेमकी हीच नसते. ओढ्याचा १० मीटर लांबीचा सरळ, झुडपे नसलेला भाग निवडून पात्राची रुंदी मोजावी आणि चार-पाच ठिकाणी काठी टेकवून खोलीची सरासरी काढावी. मग अर्धी भरलेली, बूच लावलेली प्लॅस्टिकची बाटली मधल्या धारेत सोडून १० मीटर जाण्यास लागणारा वेळ तीनदा मोजावा. समजा, रुंदी ४ मीटर, सरासरी खोली ०.३ मीटर आणि वेळ २० सेकंद आहे. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.५ मीटर झाला, परंतु तळाशी पाणी संथ वाहत असल्याने त्याला ०.८५ ने गुणावे. प्रवाहाच्या छेदाचे क्षेत्रफळ, म्हणजे रुंदी गुणिले खोली, १.२ चौरस मीटर आहे, म्हणजे प्रवाह सेकंदाला सुमारे ५१० लिटर होतो. ही मोजणी पाऊस थांबल्यावर ओढा आटेपर्यंत दर पंधरवड्याला, त्याच जागी करावी. आटल्याची तारीखही लिहावी. पुरात मात्र पाण्यात मुळीच उतरू नये.

विहिरींची पातळी पहाटे, पंप सुरू होण्यापूर्वी, कठड्यावरील ठरलेल्या खुणेपासून मोजावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरी मोजते. गावानेही तेच महिने पाळले तर तुलना सोपी जाते.

ऑक्टोबरअखेर ग्रामसभेत ही वही उघडावी. माणसांचे आणि जनावरांचे पुढील जूनअखेरपर्यंतचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावे, कारण मोसमी पाऊस लांबण्याचा धोका गृहीत धरलाच पाहिजे, आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीचे क्षेत्र ठरवावे. एका हेक्टरवर १ मिमी पाणी म्हणजे १०,००० लिटर. या हिशेबाने वर्षाला १,५०० ते २,५०० मिमी पाणी लागणारा ऊस एका हेक्टरला दीड ते अडीच कोटी लिटर पितो. पाऊस सरासरीइतका पडूनही विहिरींची ऑक्टोबरमधील पातळी मागील वर्षांपेक्षा खोल गेली असेल, तर नवीन ऊस लावण्यास परवानगी देऊ नये.