भाची येण्याआधी जमवायचं सामान

दहावीची परीक्षा संपली की भाची पंधरा दिवस आमच्याकडे इंदूरला रामबागेत राहायला येणार आहे. मागच्या गणपतीत तिनं मला टेबलावरचं कुलपाचं एक सुटं सिलिंडर (चावी जिथे घालतो तो भाग) चावीशिवाय, दोन बारीक पट्ट्यांनी उघडताना पाहिलं आणि तेव्हापासून फोनवर एकच धोशा लावला, "आत्या, मला शिकव न." शिकवणार आहेच. पण ती आल्यावर शोधाशोध नको, म्हणून काय काय तयार हवं ते आधीच लिहून काढते आहे. ज्यांना घरच्या घरी सुरुवात करायची आहे, त्यांनाही हेच लागेल.

सामानाच्या आधी परवानगी. दादा-वहिनीशी बोलून झालं. भाचीला पहिल्या दिवशी दोन नियम सांगायचे आहेत. एक, कुलूप आपलं स्वतःचं हवं. दोन, ते कुठल्याही दाराला, कपाटाला किंवा गाडीला लागलेलं नको. आपल्या कायद्यात घरफोडीच्या व्याख्येत कुलूप उघडून घरात शिरणंही धरलेलं आहे. दार तुटलं नाही म्हणून गुन्हा सुटत नाही. हत्यारं घरातल्या डब्यातच राहतील, तिच्या सॅकमध्ये नाहीत.

दुसरा नियम मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या दिवसांत मी आमच्याच दाराच्या नाइट लॅचवर हात चालवला आणि कुलूप उघडायच्या हुकाचं टोक आत मोडलं. बाहेर पडलं असेल असं समजून दार ओढून कामाला गेले. दुपारी सासूबाई देवळातून परतल्या तर चावी आत जाईना. मी पोचेपर्यंत दीड तास त्या दुखऱ्या गुडघ्यांनी जिन्यात बसून होत्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि म्हणूनच ते अजून मनाला लागून आहे. चावीवाल्याला बोलावून सिलिंडर बदललं, जुनं त्याच्याकडून मागून घेतलं, आतला तुकडा चिमट्यानं काढला. भाचीचं पहिलं कुलूप तेच असणार.

कुलुपाची निवड नीट करा, कारण बहुतेकांची उमेद इथेच खचते. घरात पडलेलं जाडजूड कुलूप घेऊन बसू नका. आपल्याकडची बरीचशी कुलुपं, अलीगढची तर विशेषच, लिव्हरची असतात, म्हणजे आत चावीनं उचलल्या जाणाऱ्या चपट्या पट्ट्या असतात. वर 'सात लिव्हर' असं कोरलेलंही असतं. हा लंडनच्या रॉबर्ट बॅरननं १७७८ साली पेटंट घेतलेल्या रचनेचा वंश. त्याला हत्यारं वेगळी आणि हातही वेगळा लागतो. नवशिक्यानं पिनांचं कुलूप घ्यावं, ज्यात पट्ट्यांऐवजी छोट्या पिना चावीनं उचलल्या जातात. लायनस येल (धाकटा) यानं १८६०च्या दशकात त्याला आजचं रूप दिलं. ओळख चावीवरून पटते. दांड्याच्या टोकाशी झेंड्यासारखं पान असेल तर लिव्हर, चावी चपटी असून एका कडेला डोंगररांगेसारखे दाते आणि अंगावर लांब खाचा असतील तर पिना. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात नाइट लॅचचं सुटं सिलिंडर मागा, सगळ्यात साधं, आणि चावी सोबत हवीच.

आता मुख्य गोष्ट. इंदूरच्या मराठीत आपण 'कुलूप खोल' म्हणतो आणि पुण्याहून आलेले पाहुणे हसतात. त्यांच्या मराठीत खोलणं म्हणजे सुटे भाग वेगळे करणं. इथे दोन्ही अर्थ उपयोगी आहेत. उघडण्याआधी खोला. पाच पिनांचं बंद सिलिंडर हातात देऊन "बघ जमतंय का" म्हणणं म्हणजे सारेगम न शिकवता ख्याल गायला बसवणं. मी पहिले दोन महिने तसेच घालवले. कधी कुलूप उघडायचं, कधी नाही, आणि दोन्ही वेळा का ते कळायचं नाही.

खोलण्यासाठी एक लाकडी दांडी लागते, आतल्या फिरत्या नळीच्या म्हणजे प्लगच्या बरोबर जाडीची. सिलिंडरमागचे स्क्रू किंवा सरक्लिप (प्लगला धरून ठेवणारी पोलादी कडी) काढायची, चावी घालून प्लग किंचित फिरवायचा आणि मागून दांडी ढकलत प्लग पुढे काढायचा. दांडी आणि प्लग यांच्यात फट पडली की पिनांना खाली दाबणाऱ्या वरच्या स्प्रिंगा उडाल्याच. म्हणून हे काम खोल परातीत करायचं, खाली पांढरा पंचा अंथरून.

प्लग बाहेर आला की चावीला टेकलेल्या पाच पितळी पिना दिसतात. प्रत्येकीची उंची वेगळी, टोक निमुळतं. त्या एकेक करून चिमट्यानं उचलायच्या आणि क्रमानं ठेवायच्या, कारण क्रम चुकला तर चावी लागणार नाही. त्यासाठी मी आजीचं पितळी पंचपाळं काढून ठेवलं आहे. पाच पिना, पाच वाट्या. घासून पुसून घेतलं तरी मधल्या वाटीच्या कडेला हळदीचा पिवळा कण आहेच, तो तसाच राहू दिला. पहिली पिन त्याच वाटीत ठेवायची, म्हणजे मोजणी कुठून सुरू झाली ते विसरत नाही.

मग एकाच पिनेनं कुलूप परत जोडायचं. एका पिनेचं कुलूप उघडणं सोपं असतं, पण बोटाला कळतं की ताण दिल्यावर, म्हणजे प्लग फिरवायला हलका जोर लावल्यावर, पिन कशी अडते, वर उचलल्यावर कशी टक् करून बसते आणि प्लग केसभर कसा सरकतो. मग दोन पिना. इथे कुलुपाचं गुपित हाताला लागतं. पिनांची छिद्रं कारखान्यात कितीही काळजीनं पाडली तरी अगदी एका रेषेत येत नाहीत, त्यामुळे ताण दिला की एक पिन आधी अडकते आणि बाकीच्या स्प्रिंगसारख्या लवचीक राहतात. अडकलेली शोधायची, तिला बसवायची, पुढची शोधायची. ताणाची दिशा उलटी केली की हा क्रम बहुतेकदा बदलतो. भाचीला तीन दिवस दोनच पिनांवर ठेवायचा माझा विचार आहे. ती कुरकुरणार, पण कुरकुरू दे.

हत्यारं दोनच. पिना उचलायला एक हूक आणि प्लगला ताण द्यायला एक ताणपट्टी. बारा-पंधरा नगांचा संच घेऊ नका, पहिल्या महिन्यात उरलेले नुसते पडून राहतात. हुकासाठी मेकॅनिकचा फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पोलादी पानांचा जुडगा) घ्यायचा, ०.५ ते ०.६ मिमी जाडीचं पान, कानशीनं आकार द्यायचा आणि रेगमालानं कडा गुळगुळीत करायच्या. खरखरीत कडा बोटाला खोट्या खबरी देते. ताणपट्टी गाडीच्या जुन्या वायपरमधल्या पोलादी पट्टीची होते, गॅरेजवाले सहज देतात. रस्ते झाडणाऱ्या यंत्रांच्या ब्रशातून गळणारी चपटी पोलादी काडीही चालते. माझी पहिली पट्टी सकाळी फिरायला गेले असताना रस्त्याच्या कडेला सापडली.

चिमटा जेल रोडवरून मोबाइल दुरुस्तीचा आणायचा. सिलिंडर घट्ट धरायला छोटा व्हाइस (दुकानात 'बांक' म्हणा) टेबलाला लावायचा, जबड्यात कापडाची चिंधी. खोबरेल अजिबात नको. त्यावर धूळ बसते आणि पिना चिकटतात. पेन्सिलच्या शिशाची भुकटी पुरते. टेबल बेताच्या उंचीचं, कोपर टेकलेलं.

सगळ्यात जास्त तयारी ताण देणाऱ्या हाताची. नवशिक्याचं लक्ष हुकावर असतं आणि दुसरा हात नकळत दाबत जातो. जास्त ताण दिला की सगळ्याच पिना घट्ट वाटतात. भाची गाणं शिकते. तंबोऱ्याच्या तारेवरून बोट किती हलकं न्यायचं ते तिला सांगावं लागणार नाही, आणि पट्टीवरचं बोटही तेवढंच हलकं हवं.

एक वहीही ठेवली आहे. तारीख, किती पिना, कुठली आधी अडली, किती वेळ. वीस मिनिटं झाली की थांबायचं, नाहीतर हात जड होतो. जोसेफ ब्रॅमाचं कुलूप १७९० पासून लंडनच्या दुकानाच्या खिडकीत पैजेवर मांडलेलं होतं. ते १८५१ साली आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपकारानं उघडलं, १६ दिवसांत मिळून ५१ तास बसून. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

राहिली फक्त लाकडी दांडी. गल्लीतल्या सुताराला प्लग मापाला देऊन आले आहे, गुरुवारी देतो म्हणाला. भाची शनिवारी येते आहे.