कार्डांसाठी डिजिटल पेपर बनवताय? या चुका टाळा

कोकणात हातानं केलेल्या कार्डांना खरी मागणी येते ती श्रावण-भाद्रपदात. आधी राखी आणि नारळी पौर्णिमा, मग चतुर्थीला मुंबईहून येणारी मंडळी आणि त्यांच्या हाती परत पाठवायची भेटकार्डं. कागदासाठी वर्षातले सर्वांत वाईट दिवसही हेच. डिजिटल पेपर म्हणजे स्क्रीनवर तयार करून छापायची, कार्डाच्या पार्श्वभूमीची नक्षी. मोबाईलवर झकास दिसणारी ही नक्षी छापून हातात येते तेव्हा कुठे पुसट, कुठे काळपट, कुठे फुगलेली असते आणि बोल चित्राला लागतो. माझ्या मते बहुतेक बिघाड चित्र काढायला घेण्याआधीच होऊन गेलेले असतात. हा पेपर केवढ्या कार्डावर, कुठल्या कागदावर आणि कुठल्या मशीनवर छापायचा, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

आधी माप, मग नक्षी

छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरायचे. ५ बाय ७ इंचांचं घडीचं कार्ड उघडलं की १० बाय ७ होतं, म्हणजे फाईल ३००० बाय २१०० पिक्सेलची हवी. कापताना पट्टी थोडी सरकतेच, म्हणून चारी बाजूंना ३ मिलिमीटर नक्षी जास्तीची ठेवा. पूर्ण ए४ पान भरायचं तर २४८० बाय ३५०८. विकत मिळणारे डिजिटल पेपर बहुधा १२ इंची चौकोनात, ३६०० बाय ३६०० पिक्सेलचे असतात. ते ए४ प्रिंटरवर अख्खे मावत नाहीत, मग 'फिट टू पेज' होतं आणि सगळी नक्षी आकसते. घरीच छापणार असाल तर सरळ ८ इंची चौकोन करा.

मोबाईलचा स्क्रीनशॉट १०८० पिक्सेल रुंद असेल, तर तो ३.६ इंचांपर्यंतच स्वच्छ छापला जाईल. त्या फाईलमध्ये इंचाला ७२ पिक्सेल हा आकडा खोडून ३०० लिहिलं म्हणून नसलेला तपशील येत नाही. दुसरा घोटाळा व्हॉट्सअ‍ॅपचा. चांगली फाईल फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाऊन लहान होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जेपीजी फाईल दर वेळी उघडून, बदलून, परत जेपीजीतच सेव्ह केली तर प्रत्येक वेळी थोडा थोडा दर्जा जातो आणि रेघांच्या कडेला मळकट ठिपके येतात. काम सुरू आहे तोवर प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये ठेवा. शेवटी सपाट रंगांच्या नक्षीला पीएनजी, फोटोवरून केलेल्या पेपरला भारी दर्जाची जेपीजी.

सांधा दिसतो तो का

एकच चौकोन शेजारी शेजारी लावून पान भरायचं, ही डिजिटल पेपरची नेहमीची रीत. आपल्याकडे त्यासाठी माल हवा तेवढा आहे: चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत, सारवलेलं अंगण, वाळत घातलेलं जाळं, सुपारीची सोपं, अबोलीचे वळेसर (गजरे). फोटो काढला, चौकोन कापला, लावला की फरशीसारखे सांधे दिसायला लागतात.

चिऱ्याचंच घेऊ. जांभ्याला भोकं असतात, त्यामुळे दुपारच्या उन्हात प्रत्येक भोकाची काळी सावली पडते आणि भिंतीची एक बाजू जास्त उजळ येते. असा चौकोन पुन्हा पुन्हा लावला की उजेड-अंधाराचे पट्टे पडणारच. ते नंतर पुसत बसण्यापेक्षा फोटोच ढगाळ दिवशी काढावा. पावसाळ्याचा कागदाला त्रास असला तरी या कामाला त्याच्यासारखा उजेड नाही. मोबाईल भिंतीला अगदी समांतर धरा, झूम न करता, आणि ओल्या हवेत लेन्सवर वाफ धरते ती आधी पुसा.

मग सांधा जोडायचा. गिंप हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्याला पुरतो. १८०० बाय १८०० पिक्सेलचा चौकोन घ्या, 'लेयर'मध्ये 'ट्रान्सफॉर्म'मध्ये 'ऑफसेट' आहे, तिथे दोन्ही बाजूंना ९०० भरा आणि बाहेर गेलेला भाग दुसऱ्या कडेनं आत येईल असा पर्याय ठेवा. आता मूळच्या चारही कडा चित्राच्या मधोमध येतात आणि तिथे अधिकच्या चिन्हासारखी फट दिसते. ती क्लोन किंवा हील टूलनं, म्हणजे शेजारचा भाग उचलून तिच्यावर उमटवून, बुजवायची. इथे बरेच जण चुकतात ते असं की, मधली फट बुजवता बुजवता हात कडेपर्यंत जातो. नव्या कडा म्हणजे मघाचा मध्यभाग, त्या एकमेकींशी आधीच जुळलेल्या असतात. त्यांना हात लावलात की जुना सांधा गेला आणि नवा आला. क्रिटा हा चित्रकलेचा प्रोग्रॅम वापरत असाल तर डब्ल्यू दाबलं की चित्र चारी दिशांना आपोआप पसरून दिसतं, मग रंगवतानाच सांधा कळतो.

सांधा गेला तरी काम संपत नाही. एखादं मोठं भोक, एखादा शेवाळाचा हिरवा ठिपका दर चौकोनात त्याच जागी येतो आणि डोळा नेमका तिथेच अडकतो. तीन बाय तीन चौकोन लावून चित्र २५ टक्क्यांवर लहान करून बघा. जे आधी नजरेत भरेल ते काढून टाका किंवा चौकोन मोठा घ्या.

समुद्रावरच्या सूर्यास्ताचा केशरी-जांभळा उतरता रंग सगळ्यांनाच मोहात पाडतो. प्रोग्रॅमनं केलेला असा गुळगुळीत उतार छापल्यावर त्याच्या पायऱ्या दिसतात. त्यावर अगदी किंचित नॉइज (बारीक रवाळ ठिपके) टाकला की पायऱ्या मोडतात.

नक्षी मागेच राहिली पाहिजे

स्क्रीनवर काम करताना चित्र मोठं करून बघितलेलं असतं, म्हणून फुलं मोठी काढली जातात. हाताएवढ्या कार्डावर अडीच-तीन फुलं येतात आणि तीही अर्धी कापलेली. ५ बाय ७च्या कार्डाला एक ते दीड सेंटिमीटरची नक्षी बरी. तिच्यावर थेट मजकूर लिहायचा असेल तर नक्षीचा गडदपणा (ओपॅसिटी) वीस-तीस टक्क्यांवर आणा, नाहीतर मजकुराखाली पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवा. मला पट्टीच आवडते.

चतुर्थीच्या कार्डासाठी गणपतीचंच चित्र चौकोनात घालून पान भरणारे पुष्कळ आहेत. कटर फिरला की कडेच्या गणपतीची सोंड कापली जाते, आणि उरलेले तुकडे केराच्या टोपलीत. घरातली मोठी माणसं हे बघून गप्प बसत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. पार्श्वभूमीला दूर्वा घ्या, जास्वंद घ्या, किंवा गणपतीच्या वर टांगतात त्या माटवीला बांधायची कांगलं, हरणं, कवंडळं ही रानातली फळं-फुलं घ्या. सिंधुदुर्गातल्या माणसाला कवंडळाचा लाल-केशरी रंग बघूनच चतुर्थी आठवते. देव कार्डाच्या दर्शनी बाजूवर, पूर्ण आणि एकटा असू द्या.

सावंतवाडीची गंजिफा (हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते) आणि पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) यांवर बेतलेले पेपरही सध्या बरेच दिसतात. दशावतारी गंजिफेची १२० गोल पानं म्हणजे नक्षीची खाणच. परंपरा कुणा एकाची नाही, पण आज हयात असलेल्या कलाकारानं रंगवलेलं पान त्याचं आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं चित्राचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. दुकानात फोटो काढून त्याचा पेपर करून विकणं सोडा. मांडणी बघून, शिकून, स्वतःच्या हातानं काढा.

रंग काळपट का येतो

तारकर्लीच्या पाण्याचा उजळ निळा-हिरवा स्क्रीनवर चमकतो, कारण स्क्रीन स्वतः उजेड फेकते. कागद तसं करत नाही. शाईच्या आवाक्याबाहेरचे रंग छापताना मंद होतात, तिथे हट्ट करून उपयोग नाही. पण काळपटपणाचं आणखी साधं कारण म्हणजे लॅपटॉपचा पूर्ण वाढवलेला ब्राइटनेस. पडवीत बसून काम करताना तो वाढवलेला असतो आणि फाईल खरी आहे त्यापेक्षा उजळ भासते. ब्राइटनेस निम्म्यावर आणून परत बघा.

'छपाई म्हणजे सीएमवायके', म्हणजे फाईल छपाईच्या चार शायांच्या रंगांत बदलून द्या, हा सल्ला सरसकट पाळू नका. घरचा इंकजेट आणि बहुतेक झेरॉक्सच्या दुकानांतली मशीनं आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतली, फाईल घेऊन रंग स्वतः बदलतात. आपण आधीच सीएमवायके केलं की रंग दोनदा उतरतो. ऑफसेट प्रेसला (मोठ्या छापखान्याला) द्यायचं असेल तेव्हा प्रेसवाल्याला विचारूनच बदला.

चाचणीसाठी पूर्ण पान छापू नका. एका ए४वर दोन-दोन इंचांचे सहा तुकडे मांडा: मूळ, थोडा उजळ, आणखी उजळ, कमी भडक, असे. खाली पेननं नोंद करा आणि दिवसाच्या उजेडात बघा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकारही बरोबर निवडा. मॅट फोटो पेपर घालून 'प्लेन पेपर' ठेवलं की फिका, मेलेला रंग येतो, आणि मग लोक शाईला नावं ठेवतात.

कागद आणि दमट हवा

इंकजेटची शाई आर्ट पेपरच्या गुळगुळीत लेपावर मुरत नाही, बोट लागलं की पुसते. उलट इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर लेझर मशीनमध्ये घालणं धोक्याचं. आतल्या तापलेल्या रोलरनं लेप वितळून मशीनला चिकटू शकतो. दुकानात फाईल देताना पहिला प्रश्न हाच विचारा: लेझर की इंकजेट? वरून चिकटवायच्या पेपरला १२० ते १५० जीएसएम (चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुरे, कार्डाच्या अंगाला २२० ते ३००.

भाद्रपदात उघडं ठेवलेलं रिम पापडासारखं वळतं. कागदाचे धागे ओल पिऊन लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात, म्हणून कागद एका बाजूला वळतो, प्रिंटरमध्ये अडकतो आणि शाई पसरून बारीक रेघा जाड होतात. रिमचं पाकीट फोडलं की लागतील तेवढीच पानं काढा, बाकीची प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा. छापलेली पानं लगेच एकावर एक रचू नका. एक दिवस सुटी पसरून वाळू द्या, मगच जड पुस्तकाखाली दाबा.

चिकटवताना फेव्हिकॉलचा मोह आवरा. त्यातल्या पाण्यानं पातळ कागद लाटा धरतो, आणि शाई डाय प्रकारची (पाण्यात विरघळणारी) असेल तर डाग फुटतात. डबल टेप किंवा ग्लू स्टिक बरी. पिगमेंट शाई (बारीक रंगकणांची) पाण्याला जास्त टिकते. पण मालवण-वेंगुर्ल्याच्या पावसात पोस्टातून जाणारं कार्ड असेल तर शाई कुठलीही असो, पारदर्शक पाकिटातच घाला.

लेझरवर छापलेला गडद रंग घडीवर तडकतो आणि पांढरी रेघ उमटते. घडी घालण्याआधी पट्टी लावून बोथट टोकानं खाच पाडा. त्याहून बरं म्हणजे नक्षी घडीवरून नेऊच नका, पुढच्या बाजूपुरता तुकडा कापून चिकटवा.

मराठी अक्षरांची नक्षी

अक्षरांचाच पेपर करायचा असेल, म्हणजे ओळीवर ओळ 'शुभेच्छा' किंवा गावांची नावं, तर एक खास आपला घोटाळा आहे. फोटोशॉपमध्ये मजकुराचं सेटिंग नुसतं लॅटिन लिपीचं असेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न बसता उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी' मांडणी निवडा, जुन्या आवृत्तीत ती दक्षिण आशियाई लिपींच्या नावानं आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड फाँट लावताच भलतीच अक्षरं दाखवतो, तो परत टाइप केलेला बरा.

दुकानात वर्डची फाईल कधीच नेऊ नका. तिथे तुमचा फाँट नसला की नक्षी मोडते. पीडीएफ करा, फाँट आत बसवा, आणि छापणाऱ्याला 'अ‍ॅक्चुअल साइज'वर छापायला सांगा. पहिलं पान निघालं की तिथेच पट्टी लावून माप घ्या. १० इंच साडेनऊ भरलं तर बाकीची पानं सोडायच्या आधी ते सेटिंग बदलून घ्या.