जुन्या डॉस पीसीवरचा गेम रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

"व्हिडिओ झटके खातोय, ग्राफिक्स कार्ड गेलंय का?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो, की उत्तर पाठच झालंय: कार्डाला हात लावू नका. मॉनिटर थेट जोडल्यावर गेम नीट दिसतोय ना? मग मशीन निर्दोष आहे. घोळ आहे तो त्यापुढे तुम्ही जोडलेल्या, सिग्नल बदलून देणाऱ्या डब्यांमध्ये.

सत्तरचं साठ करणं

डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या बहुतेक व्हीजीए (त्या काळच्या ग्राफिक्स कार्डाचा दर्जा) गेमचं चित्र ३२० बाय २०० पिक्सेलचं. कार्ड त्यातली प्रत्येक ओळ दोनदा काढून ४०० ओळी करतं आणि असं चित्र सेकंदाला ७० वेळा पाठवतं. काटेकोर आकडा ७०.०८६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा. स्केलर (चित्राचं माप बदलणारी चिप) असलेले स्वस्त व्हीजीए-टू-एचडीएमआय डबे मात्र सहसा ६० हर्ट्झच बाहेर काढतात. म्हणजे दर सातातली एक फ्रेम (एक पूर्ण चित्र) कचऱ्यात.

एका परिचितांनी पेन्टियमवर 'डूम' (१९९३) रेकॉर्ड केला. वळताना भिंती अडखळत होत्या. त्यांनी ग्राफिक्स कार्ड बदललं. मग रॅम. मग लॅमिंग्टन रोडला चकरा मारून एक जुना मदरबोर्ड पैदा केला, तोही घासाघीस करून, आणि त्यावर सगळं नव्यानं बसवलं. भिंती तशाच अडखळत होत्या. माझ्याकडे आले तेव्हा चौथ्या खरेदीचा बेत तयार होता. मी मधला डबा काढायला लावला आणि मॉनिटर सरळ कार्डाला जोडला. गेम सुरळीत.

कारण सोपं आहे. डूम स्वतः सेकंदाला जास्तीत जास्त ३५ चित्रं काढतो, म्हणजे ७० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसतं. डब्यानं त्याचे ६० केले की २५ चित्रं दोनदा आणि १० चित्रं एकदाच दिसतात. वेग एकसारखा राहत नाही, आणि डोळ्यांना ते लगेच कळतं. (४८६ या पेन्टियमच्या आधीच्या चिपवर हा प्रकार बऱ्याचदा लपतो, कारण तिथे डूम पस्तीसपर्यंत पोचतच नाही.)

यावर घाईतल्या मंडळींचा ठरलेला उपाय म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ७० चा आकडा टाकणं. अहो, डब्यानं फेकलेली फ्रेम सॉफ्टवेअर आणणार कुठून? ७० हर्ट्झ जसाच्या तसा घेणारं कॅप्चर कार्डच (रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरमध्ये चित्र आत घेणारं) लागतं. मी सेकंडहँड डेटापाथ व्हिजनआरजीबी वापरतो. ते व्हीजीए थेट घेतं, मध्ये डबा नाही. सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट ७००८६ भागिले १००० असा अपूर्णांकात भरतो. दुसरं काही घेणार असाल तर मॅन्युअलमध्ये ७० हर्ट्झचा उल्लेख आहे का ते आधी बघा. खोक्यावरच्या "फोर-के"ला भुलू नका, तो आकडा इथे निरुपयोगी आहे.

"पण यूट्यूब ६० च दाखवतं ना?" दाखवू दे. मूळ फाइल ७० ची ठेवा आणि अपलोडसाठी फ्रेम ब्लेंड करून (शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळून) ६० ची वेगळी प्रत काढा. ती किंचित मऊ दिसते, पण माझ्या मते झटक्यांपेक्षा बरी. उद्या मत बदललं तर मूळ फाइल शाबूत आहे.

सी प्रॉम्प्टवर 'ऑटो अ‍ॅडजस्ट' दाबणं

ही चूक तर जाणकारही करतात. डॉसचा टेक्स्ट पडदा ७२० बाय ४०० असतो, गेमचा ६४० बाय ४००. दोन्हींचा सिंक (ओळी आणि पडदे कधी सुरू होतात ते सांगणारा ठेका) मात्र तोच: ३१.४६९ किलोहर्ट्झ आणि ७०.०८६ हर्ट्झ. डब्याला किंवा कॅप्चर कार्डाला फरक कळायला मार्गच नाही. तुम्ही प्रॉम्प्टवर, म्हणजे डॉसच्या टेक्स्ट पडद्यावर, ऑटो (चित्राचं माप आपोआप ओळखणारं बटण) दाबता, मग गेम लावता, आणि डबा ६४० पिक्सेलच्या ओळीचे ७२० तुकडे करत बसतो. उभ्या रेघा काही जाड, काही बारीक, आणि चित्र सरकलं की अक्षरं लुकलुकतात. मग लोक सोन्याचा मुलामा दिलेली केबल मागवतात.

गेम चालू ठेवून सेटिंगमध्ये एका ओळीचे एकूण सॅम्पल (ओळीचे किती तुकडे मोजायचे तो आकडा, न दिसणारा भाग धरून) ९०० वरून ८०० वर आणा. मग एकेका पिक्सेलची नक्षी स्थिर दिसेपर्यंत फेज (प्रत्येक सॅम्पल नेमकं कधी घ्यायचं ती सेटिंग) हलवा. मी याचं वेगळं प्रोफाइल ठेवलंय आणि ऑटोच्या बटणावर चिकटपट्टी लावलीय.

चित्र चपटं किंवा ताणलेलं ठेवणं

३२० बाय २०० हे आकड्यात १६:१० दिसतं, पण ते ४:३ च्या मॉनिटरवर पूर्ण पसरायचं. चित्रकारांनी ते तसंच गृहीत धरलेलं असायचं. आडवं पाचपट, उभं सहापट करा: १६०० बाय १२००, बरोबर ४:३, प्रत्येक पिक्सेल सारखा. स्केलिंग 'निअरेस्ट नेबर' (रंग न मिसळता पिक्सेल नुसता मोठा करणारं), दुसरं काही नको. बाजूच्या काळ्या पट्ट्या खटकतात म्हणून १६:९ ला ताणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. छोट्या मापाच्या चित्राची फाइल तशीच चढवू नका. यूट्यूबवर ६० फ्रेम ७२०पी पासून पुढेच मिळतात.

बाकीच्या, भराभर

लॅपटॉपवरच्या प्रिव्ह्यूत बघून खेळू नका. तो मागे पडतो आणि उडी चुकते. स्प्लिटर (एकच सिग्नल दोन ठिकाणी देणारा) लावून खऱ्या मॉनिटरवर खेळा.

आवाजात घुं-घुं येतेय? लॅपटॉपचा चार्जर काढून बघा.

पीसी स्पीकरचा आवाज साउंड कार्डाच्या लाइन-आउटमधून आपोआप येत नाही. काही कार्डांवर त्यासाठी वेगळी पिन असते. मी मात्र कॅबिनेट उघडून स्पीकरसमोर माइक धरतो. शुद्धतावाद्यांना हे रुचत नाही, पण 'प्रिन्स ऑफ पर्शिया' गेममधली तलवार अशीच खणखणते.

एमपी४ ऐवजी एमकेव्हीमध्ये रेकॉर्ड करा. मध्येच लाइट गेले तर साधी एमपी४ सहसा उघडतच नाही, एमकेव्ही निदान तिथपर्यंतची हाती राहते.

आणि हे सगळं जिवावर येत असेल, नुसतं फुटेजच हवं असेल, तर आजच्या कॉम्प्युटरवर डॉसचे गेम चालवणारं डॉसबॉक्स हे सॉफ्टवेअर आहे. कंट्रोल-ऑल्ट-एफ५ दाबा, फ्रेमही गळणार नाहीत. फक्त मथळ्यात "खऱ्या मशीनवरून" लिहू नका.