समितीत नाव आलं, आता तयारी काय करायची

पालकसभेत हात वर झाले, कुणीतरी तुमचं नाव पुकारलं आणि चहा येईपर्यंत तुम्ही जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत गेलात. माझं नाव तर मी नसतानाच पुकारलं होतं, मी कांदा काढायला गेले होते. संध्याकाळी शेजारीण म्हणाली, ‘अगं, तू अध्यक्ष झालीस.’ दोन मुदती, म्हणजे चार वर्षं, ते काम केलं. शाळा वाडीवरची, पहिली ते पाचवी, पट 34, शिक्षक दोन. सुरुवातीला कुणी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर माझं पहिलं वर्ष वाया गेलं नसतं.

पहिल्या बैठकीआधी एक शंभर पानी वही घ्या. ती तुमची, शाळेची नव्हे. शाळेचं प्रोसिडिंग बुक वेगळं असतं आणि त्यात इतिवृत्त मुख्याध्यापक लिहितात, कारण समितीचे सदस्य सचिव तेच. तुमच्या वहीत तारीख, हजर कोण होतं आणि काय ठरलं एवढं त्याच दिवशी लिहायचं. पहिल्या वर्षी ते प्रोसिडिंग बुक सहीसाठी माझ्याकडे शेतात आलं. वर विषय लिहिलेले, खाली सहीची जागा, मध्ये अर्धं पान कोरं. मी सही केली. मार्चमध्ये पाहिलं तर त्या कोऱ्या जागेत रंगकामाचा ठराव होता. रंग खरंच लागला होता, कुणी पैसे खाल्ले नव्हते. पण गळत होतं छप्पर, आणि रंगवल्या भिंती. तेव्हापासून शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारल्याशिवाय मी सही केली नाही. गुरुजी थोडे नाराज झाले, मग त्यांनाही सवय झाली.

आपण कोण आहोत हे कायद्यातून वाचून ठेवा. समिती ही गुरुजींची मेहेरबानी नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 21 ती सांगतं. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्या राज्यात 12 ते 16 सदस्य असतात. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांतूनच होतात, मुदत दोन वर्षं, बैठक महिन्याला किमान एक. उरलेल्या जागांवर एक ग्रामपंचायत सदस्य, एक शिक्षक आणि गावातलं एखादं जाणतं माणूस. निम्म्या महिला कागदावर सगळीकडे असतात. बैठकीची वेळ सकाळी अकराची ठेवली तर त्या येणार कशा, त्या वेळी सगळ्या रोजावर असतात. आम्ही बैठक पोरं सुटायच्या वेळेला घेतली आणि हजेरी दुप्पट झाली. अजेंडा चार दिवस आधी हातात आला पाहिजे, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाका.

आता वहीचं दुसरं पान. त्यावर पिशव्या लिहा, म्हणजे कोणता पैसा कुणाच्या पिशवीतून येतो ते. लोक सगळ्या तक्रारी घेऊन मुख्याध्यापकांच्या खुर्चीपाशी जातात आणि तिथं त्यांच्या हातात फारसं काही नसतं. शिक्षक जिल्हा परिषदेचे कर्मचारी, पण पगार राज्य सरकारच्या तिजोरीतून, शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीवरून. पुस्तकं बालभारतीची, मोफत. वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान समग्र शिक्षा योजनेतून येतं, त्यात केंद्राचे 60 टक्के आणि राज्याचे 40. नवी खोली किंवा मोठी दुरुस्ती बहुतेक वेळा जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून, कधी जिल्हा परिषदेच्या सेसमधून, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून. पाणी आणि संडास यांच्यासाठी ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा बंधित निधी असतो, तो त्याच कामांसाठी बांधलेला. प्रत्येक पिशवीपुढे दार लिहा. शाळेवर केंद्रप्रमुख, त्यांच्यावर विस्तार अधिकारी, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक), आणि सगळ्यांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी. जिल्हा परिषदेचा आपल्या गटाचा सदस्य आणि शिक्षण समितीचा सभापती ही लोकांनी निवडून दिलेली बाजू. 2022 मध्ये बऱ्याच जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि तिथं प्रशासक बसले. माझ्या काळात त्यामुळे अर्धी दारं बंदच होती. सदस्यच नाही तर गाऱ्हाणं सांगायचं कुणाला? मग कागदावर भिस्त ठेवावी लागली.

कागद म्हणजे अर्ज दोन प्रती. एक देऊन दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. तोंडी सांगितलेलं काम पंचायत समितीच्या जिन्यातच विरून जातं. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं धरा.

पटाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा, कारण लहान शाळेचं सगळं पटावर उभं असतं. यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची, माहिती 30 सप्टेंबरच्या पटावर भरली जाते. पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 झाली की तिसरा, 91 ला चौथा, हा कायद्याच्या परिशिष्टातला हिशेब. अनुदानाचा हिशेब आणखी टोकदार आहे. पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 असेल तर 25,000, त्यापुढे 250 पर्यंत 50,000. म्हणजे तिसावं आणि एकतिसावं पोर यांच्यात 15,000 रुपयांचं अंतर. आमच्याकडे एका वर्षी 31 वरच काटा होता. एक मुलगी मामाकडे राहायला गेली होती, तिच्या आईला मी तीनदा भेटले. पैशासाठी भेटले असं म्हणायला लाज वाटते, पण खरं तेच. पोर परत आली, ते बरंच झालं.

सप्टेंबरच्या आधी प्रत्येक मुलाचं आधार आणि शाळेतलं नाव जुळतं का तेही बघा. एखाद्या काना-मात्रेनं मूल ऑनलाइन यादीत अडकतं आणि मग मोजणीच्या वेळी वादाला तोंड फुटतं. आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. निघायच्या आधी कोणत्या घरचं पोर आजीकडे राहणार, कोणतं कारखान्यावर जाणार, याची यादी करा. राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत लागतो, जाणाऱ्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे तिथल्या शाळेत दाखवता येतं. यात आळस झाला की मार्चमध्ये चार पोरं कागदावर असतात, वर्गात नसतात. पुढच्या वर्षी कागदावरूनही जातात. सप्टेंबर 2023 मध्ये 20 च्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून पानशेत आणि तोरणमाळच्या धर्तीवर समूह शाळा करायचा विषय निघाला, तेव्हा राज्यात अशा 14 हजारांवर शाळा असल्याचं पुढे आलं. आपली वाडी त्या यादीत असेल तर ओढा ओलांडून कोण आणि किती पोरं जाणार, पावसाळ्यात किती दिवस रस्ता बंद असतो, हे तारखांसह लिहिलेलं हातात पाहिजे. भाषणं कामाला येत नाहीत.

खिचडीच्या दिवशी अचानक जा. अचानक म्हणजे भांडायला नव्हे, जेवायला. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ आहे. म्हणजे 34 मुलं असतील तर 3 किलो 400 ग्रॅम. शाळेत तराजू आहे का आणि तो चालतो का, हे आधी बघा. 1 मे 2025 पासून शिजवण्याचा खर्च प्राथमिकला एका मुलामागे 6 रुपये 78 पैसे धरला आहे. 34 मुलांचे 230 रुपये झाले. पण हे सगळे शाळेच्या हाती येत नाहीत. डाळ, तेल, मसाला पुरवठादार देतो, शाळेला इंधन-भाजीपाल्याचाच वाटा मिळतो. तेवढ्यात भाजी कशी घालायची हे स्वयंपाकिणीला विचारा, गुरुजींना नको. आमच्या मावशी घरची मेथी आणायच्या आणि कुणाला सांगायच्या नाहीत. हजेरीपट आणि जेवणाची नोंदवही शेजारी ठेवून एक आठवडा जुळवा. फरक दिसला तर आधी विचारा, मग लिहा. कधी कधी पोरं दुपारी घरी पळालेली असतात एवढंच असतं.

बँकेचं काम समजून घ्या. आता अनुदान शाळेच्या खात्यात साठून राहत नाही. खर्चाची मर्यादा मिळते, पीएफएमएस या सरकारी पैशांच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंद होते, पीपीए म्हणजे बँकेला पैसे द्यायला सांगणारा छापील कागद निघतो आणि त्यावर अध्यक्ष व मुख्याध्यापक अशा दोघांच्या सह्या लागतात. 31 मार्च उलटला की उरलेली मर्यादा गेली असं धरून चाला. एका वर्षी आमच्याकडे पैसे फेब्रुवारीच्या शेवटी आले. काय घ्यायचं ते आधी ठरलेलं नसतं तर घाईघाईत पुन्हा रंगच लागला असता. म्हणून डिसेंबरच्या बैठकीत ठराव आणि दुकानांची तीन दरपत्रकं तयार ठेवा. निदान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात, ते आधी बाजूला काढा. सही करण्याआधी बिल, रोजकीर्द आणि वस्तू तिन्ही बघायची. वस्तू जडसंग्रहात, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढली का तेही. मॅडमनी खुर्च्या दाखवल्या आणि नोंद राहिली, असं दोनदा झालं. त्यात खोट नव्हती, एकटीनं दोन वर्ग आणि सगळं ऑनलाइन भरणारं माणूस कुठे कुठे पुरणार?

गणवेशाचं लक्षात ठेवा, तो समितीच्या हातात परत आलेला विषय आहे. 2024-25 मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापड आणि शिलाई वरून झाली, पोरांना ढगळ नाहीतर तोकडे कपडे मिळाल्याच्या तक्रारी गावोगाव झाल्या, आणि डिसेंबर 2024 च्या निर्णयाने खरेदी पुन्हा समित्यांकडे आली. दोन गणवेशांना 600 रुपये. मापं जूनमध्ये नव्हे, एप्रिलमध्ये घ्या आणि दोन बोटं जास्त ठेवा. शिंपी गावातलाच असला तर उसवलेलं शिवून देतो.

इमारतीसाठी एक जुनाट काम आहे ते आधी करा, शाळेच्या जागेचा उतारा काढा. आमची जागा ज्यांनी दिली त्यांच्या नातवाच्या नावावर अजून होती. बक्षीसपत्र झालंच नव्हतं. नातू भला माणूस, पण जागा शाळेच्या नावावर नाही म्हणून खोलीचा प्रस्ताव दोन वर्षं अडला. पडायला आलेली जुनी खोली असेल तर तिचं निर्लेखन झाल्याशिवाय, म्हणजे ती सरकारी कागदावर बाद ठरल्याशिवाय, ती पाडता येत नाही. अभियंत्याची पाहणी मागा. तोवर तिथं पोरं बसवायची नाहीत असा ठराव करा, आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, पोच घेऊन.

कायद्याच्या कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीनंच करायचा असतो, तीन वर्षांचा, दरवर्षीच्या हिश्शासह, आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी. बहुतेक ठिकाणी तो मागच्या वर्षीचा उतरवून काढतात. तुम्ही दुपारी पोरींना विचारून करा. संडासाला कडी नाही हे आम्हाला दुसरीतल्या मुलीनं सांगितलं. आराखड्यातलं पाणी-संडासाचं पान वेगळं फाडून 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत न्या, कारण ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षीचा आराखडा त्याच सुमारास ठरतो. सरपंचांना आदल्या दिवशी घरी जाऊन भेटा. सभेत पहिल्यांदा ऐकलेल्या गोष्टीला कुणी हो म्हणत नाही. चारपाच आया सोबत असतील तर विषय पुकारला जातो, एकटी गेलात तर ‘ऐनवेळच्या विषयात घेऊ’ म्हणतात.

लोकवर्गणी घेतली तर पावती फाडा, पन्नास रुपयांची असली तरी. फळ्यावर देणाऱ्यांची नावं लिहा, आणि खाली खर्चही.

मुदत संपायच्या महिन्यात तुमची वही, पोच असलेल्या अर्जांची फाइल, उताऱ्याची प्रत आणि अपुऱ्या कामांची यादी एका पिशवीत घालून नव्या अध्यक्षाच्या घरी नेऊन द्या. मला हे सगळं द्यायला कुणी आलं नव्हतं. मी दिलं तेव्हा नवीन बाई म्हणाल्या, ‘एवढं वाचायचं?’ मी म्हटलं, संडासाच्या कडीपासून सुरू करा, ती अजून बसलेली नाही.